पोलादपूर ते महाबळेश्वर: सायकल सहलीतील सर्वांत अवघड दिवस कसा पार पाडावा

पुण्याहून भोर आणि वरंध घाटमार्गे महाड, तेथून पोलादपूर, पुढे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि शेवटी पाचगणी, वाई करत पुन्हा पुणे, अशी चार-पाच दिवसांची सायकल सहल आखणारे बहुतेक जण धास्ती घेतात ती वरंध घाटाची. वास्तविक या दिशेने जाणाऱ्याला वरंध घाट मुख्यतः उतरायचा असतो. सहलीचा खरा कस लागतो तो पोलादपूर सोडल्यानंतर. पोलादपूर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि दोहोंमधील अंतर साधारण ४० किलोमीटर आहे. सपाटीवर ज्याला आपण दोन तासांची रपेट म्हणतो, तेवढेच हे अंतर. म्हणूनच अनेक जण या दिवसाकडे ‘छोटा दिवस’ म्हणून पाहतात, सकाळी आरामात निघतात आणि दुपारी बारा वाजता कोकणच्या उन्हात अर्ध्या घाटात अडकतात.

हे टाळण्यासाठी या दिवसाचे नियोजन किलोमीटरमध्ये न करता उंचीच्या मीटरमध्ये करावे. सायकलस्वार, सायकल, सामान आणि पाणी मिळून ९० किलो वजन धरले आणि साधारण पाच टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर चालीमागे पाच मीटर उंची अशा रस्त्यावर, ताशी ७ किलोमीटर वेग ठेवला, तर त्यासाठी अंदाजे १०० वॉट शक्ती लागते. नियमित सायकल चालवणारा निरोगी माणूस एवढी शक्ती कित्येक तास देऊ शकतो. या वेगाने तासाला सुमारे ३५० मीटर उंची गाठली जाते. याचा अर्थ १,३०० मीटरच्या चढासाठी पावणेचार तास निव्वळ पायडल मारण्यात जाणार. त्यात सुरुवातीचा सौम्य रस्ता, चहा, पाणी, विश्रांती आणि एखादे पंक्चर मिळवले की सहा-सात तासांचा हिशेब होतो. आदल्या दिवशी सपाटीवर कोणी किती वेगाने गेले याला येथे काहीच अर्थ उरत नाही.

वेळ आणि हंगाम

हा मार्ग पावसाळ्यात सायकलने चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आंबेनळी घाटात दरडी कोसळतात आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीनंतर तर हा रस्ता वाहतुकीला बंदच ठेवावा लागला होता. धुक्यात मागून येणाऱ्या चालकाला सायकल दिसत नाही, ही गोष्ट वेगळीच. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतर वरचे टोक सुखद असले तरी पायथ्याचा उकाडा सकाळी नऊपासूनच जाणवू लागतो. वरंध घाटही पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो, तेव्हा दोन्ही घाटांची चौकशी निघण्यापूर्वी करून घ्यावी.

वाराचा विचार हंगामाइतकाच महत्त्वाचा आहे. शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. सहल अशी आखावी की हा दिवस मंगळवार ते गुरुवारमध्ये यावा. म्हणजे पुण्याहून रविवारी किंवा सोमवारी निघावे.

सायकलची तयारी

या घाटासाठी सर्वाधिक महत्त्वाची वस्तू कोणती, असे विचारल्यास उत्तर एकच आहे: हलका गिअर. पुढच्या लहान चेनरिंगला (पायडलजवळच्या दातेरी चक्राला) ३० दाते आणि मागच्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाच्या) सर्वांत मोठ्या चक्राला ३४ दाते असतील, तर ताशी ७ किलोमीटर वेगाला पायडलचे मिनिटाला सुमारे ६० फेरे होतात. हा वेग गुडघ्यांना सोसवतो. याउलट पुढे ३४ आणि मागे २८ दाते असलेल्या रोडबाईकवर त्याच वेगाला जेमतेम ४५ फेरे होतात; प्रत्येक फेऱ्याला पायावर पडणारा जोर त्या प्रमाणात वाढतो आणि तिसऱ्या तासाला गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. कॅसेट बदलून घेण्याचा खर्च हा सहलीच्या एकूण खर्चाच्या मानाने मोठा नसतो, तेव्हा तो निःशंकपणे करावा.

वजनाच्या बाबतीत मात्र फार हळवे होण्याचे कारण नाही. ९० किलोंत तीन किलो कमी केले तर साधारण तीन टक्के श्रम वाचतात, म्हणजे पावणेचार तासांच्या चढात सात-आठ मिनिटे. जाड टॉवेल, दुसरी जीन्स आणि जास्तीची चप्पल घरी ठेवावी हे खरे, पण त्या नादात दुसरी ट्यूब, पंप किंवा वाऱ्याचे जॅकेट काढून टाकू नये. उंची वाढते तशी हवा दर किलोमीटर उंचीमागे सरासरी ६.५ अंश या दराने थंड होत जाते. त्यामुळे पायथ्यापेक्षा माथ्यावर आठ-नऊ अंश कमी तापमान असते आणि घामाने भिजलेल्या अंगाला ते फारच बोचते.

ब्रेकचे पॅड, चेन आणि टायर यांची तपासणी आदल्या संध्याकाळी, उजेड असतानाच करावी. रिमब्रेक (चाकाची कड दाबणारे) असतील तर पॅडवरील खाचा दिसतात की झिजून सपाट झाल्या आहेत ते पाहावे. डिस्कब्रेक (चाकाच्या मध्यावरील चकती दाबणारे) असतील तर पॅडचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असल्यास तो बदलावा. चढाच्या दिवशी ब्रेक कशाला, असे वाटेल. पण दुसऱ्याच दिवशी पाचगणीहून वाईला नेणारा पसरणी घाट उतरायचा असतो आणि वाटेत सुटे पॅड मिळतील अशी खात्री नसते. ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये एवढ्या वजनाला मागे ६५ ते ७० आणि पुढे ५५ ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते. त्याहून टणक टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो आणि पाठ लवकर शिणवतो.

आदली रात्र

पोलादपूर मुंबई-गोवा महामार्गावर असल्याने लॉज आणि खाणावळी सहज मिळतात. कोकणात आलोच आहोत तर तिखट मासळीचे ताट मागवावे, हा मोह स्वाभाविक आहे; तो परतीच्या एखाद्या रात्रीसाठी राखून ठेवावा. या रात्री भरपूर भात, वरण, भाकरी किंवा पोळी आणि एखादी सौम्य भाजी असे जेवण घ्यावे आणि ते आठच्या आत उरकावे. पहाटेसाठी केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर असा शिधा रात्रीच आणून ठेवावा, कारण पहाटे साडेपाचला दुकाने उघडी असतीलच असे नाही. बाटल्या भरून, सामान बांधून, नकाशा मोबाईलमध्ये उतरवून मगच झोपावे. घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. मोबाईल चालू असेल तेथे आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपयोगी पडतात.

पहिले दहा किलोमीटर

सकाळी सहाला, पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावून निघावे. पोलादपूरपासून कापडे बुद्रुकच्या बाजूला जाणारा सुरुवातीचा रस्ता सौम्य चढउतारांचा आहे. हवा गार असते, पाय ताजे असतात, आणि दिवसभरातील सर्वांत महागडी घाई नेमकी येथेच होते. या टप्प्यात असा वेग ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर एक गिअर हलका करावा. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असल्यास ठीक, नसल्यास बोलण्याची ही कसोटी पुरेशी विश्वासार्ह आहे. येथे वाचवलेली दहा मिनिटे वर गेल्यावर तासाभराच्या विश्रांतीने फेडावी लागतात.

गटाने जात असाल तर सर्वांनी एकत्र राहण्याचा हट्ट धरू नये. दुसऱ्याच्या वेगाने घाट चढणे हे स्वतःच्या वेगाने चढण्यापेक्षा कितीतरी दमवणारे असते. मग तो वेग आपल्यापेक्षा कमी असो वा जास्त. भेटण्याची ठिकाणे ठरवून घ्यावीत, प्रत्येकाजवळ पंक्चरचे साहित्य आणि खाण्याचे सामान स्वतंत्र असावे आणि सर्वांत मागे अनुभवी माणूस असावा.

घाट चढताना

घाट सुरू झाला हे पाट्यांवरून कळण्याआधी पायांना कळते. चढ वाढतो आहे असे दिसताच, जोर पडण्यापूर्वीच गिअर हलका करावा. पूर्ण ताकद लावलेली असताना गिअर बदलला तर चेन खडखडते, कधी उतरते आणि चढावर थांबलेली सायकल पुन्हा चालू करणे हा एक वेगळाच व्याप होऊन बसतो. बदलण्याच्या क्षणी अर्ध्या फेऱ्यापुरता पायाचा जोर सैल सोडला की चेन अलगद सरकते.

थांबायचे असेल तर सर्वांत हलक्या गिअरवर येऊनच थांबावे. ते विसरले असल्यास मागचे चाक एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने पायडल फिरवत गिअर बदलून घ्यावा. पुन्हा निघताना एक पायडल घड्याळातील दोनच्या काट्याच्या जागी आणावे, मागून वाहन येत नसल्याची खात्री करून घ्यावी, सायकल थोडी तिरपी धरून त्या पायडलवर जोर द्यावा आणि बैठकीवर बसूनच पुढचा फेरा पूर्ण करावा. थांबण्याची जागा वळणाच्या तोंडाशी कधीही नसावी. जेथून दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो अशा सरळ तुकड्यात, डांबराच्या पूर्ण बाहेर उभे राहावे.

नागमोडी वळणांवर आतल्या कडेचा चढ बाहेरच्या कडेपेक्षा बराच तीव्र असतो. डाव्या वळणावर आपण नेमके आतल्या बाजूला असतो. तेथे वळणापूर्वी वेग आणि गिअर दोन्ही उतरवून शांतपणे वर जावे. समोरून आणि मागून रस्ता मोकळा असल्याची खात्री असली तरच कडेपासून हातभर बाहेर यावे. चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य देण्याचा घाटातील संकेत सायकललाही लागू होतो, परंतु तो सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरू नये. वळणापूर्वी घंटी वाजवण्यात संकोच करू नये. सावलीतील वळणांवर, विशेषतः संरक्षक कठड्याखाली जेथे पाणी झिरपते तेथे, शेवाळाचा हिरवट पट्टा असतो. त्यावर उभे राहून पायडल मारल्यास मागचे चाक जागच्या जागी फिरते, म्हणून तो पट्टा बसूनच ओलांडावा.

बसून चढणे हीच मूळ पद्धत ठेवावी, मात्र दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पायडल मारावे, म्हणजे पाठ आणि बैठकीचा भाग मोकळा होतो. उभे राहण्यापूर्वी एक गिअर जड करावा, नाहीतर पाय एकदम मोकळा पडून तोल जातो. हँडल घट्ट आवळून धरू नये. हाताची बोटे अधूनमधून हलवून पाहावीत. ती पांढरी पडली असतील तर खांदेही आखडलेले असतात.

खाणे आणि पाणी

९० किलो वजन १,३०० मीटर उचलण्याचे यांत्रिक काम सुमारे १,१५० किलोज्यूल होते. शरीर अन्नातील ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा अशा कामात उतरवू शकते, आणि एक किलोकॅलरी म्हणजे चार किलोज्यूलहून थोडे अधिक. त्यामुळे हिशेब सोपा होतो. जितके किलोज्यूल काम, जवळजवळ तितक्याच किलोकॅलरी खर्च. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध धरून हा दिवस दीड हजार किलोकॅलरींच्या आसपास मागतो आणि तोही नेहमीच्या आहाराव्यतिरिक्त.

हे सगळे एकदम खाऊन भागत नाही. निघण्यापूर्वी केळे, पोहे किंवा उपमा असे हलके खाऊन पहिल्या पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाला थोडे थोडे खात राहावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे प्रमाण बहुतेकांच्या पोटाला झेपते. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. नुसत्या गोडाचा कंटाळा येतो, म्हणून खारे शेंगदाणे जवळ ठेवावेत, पण तेलकट वडापाव घाट संपेपर्यंत टाळावा. भूक लागल्यावर खाऊ, हे धोरण येथे चालत नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते, उन्हात त्याहून अधिक. दोन बाटल्यांपैकी एकीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस ठेवावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते करता येते. चमचा चहाचा धरावा. लिंबू पिळले तर प्यावेसे वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

वाडा कुंभरोशीचा निर्णय

प्रतापगडाचा फाटा जेथे फुटतो त्या वाडा कुंभरोशीला चहा-नाश्त्याची सोय आहे आणि मार्ग साधारण निम्मा झालेला असतो. घाट संपला असा भास येथे होतो, कारण कोकणचा कडा चढून आपण कोयनेच्या खोऱ्यात आलेले असतो. महाबळेश्वरचे पठार मात्र अजून सुमारे २० किलोमीटर दूर आणि बरेच उंचावर असते. या भासाने अनेकांची मने खचतात. आधीच माहीत असेल तर तेवढा त्रास होत नाही.

येथे घड्याळ पाहून निर्णय घ्यावा. सहाला निघालेला माणूस साडेनऊ-दहापर्यंत येथे पोहोचला तर पाऊण तास बसून, पोटभर पण हलके खाऊन पुढे जाण्यास हरकत नाही. बारा वाजून गेले असतील, डोके दुखत असेल किंवा खाल्लेले पोटात ठरत नसेल, तर सावलीत लांब विश्रांती घ्यावी आणि तरीही बरे न वाटल्यास टेम्पो किंवा पिकअप शोधावा. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, कारण उद्याही सायकल चालवायची आहे.

याच ठिकाणी ‘आलोच आहोत तर प्रतापगड करून घेऊ’ असा विचार डोकावतो. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिलेला आणि १० नोव्हेंबर १६५९ च्या अफझलखान भेटीचा साक्षीदार असलेला हा गड घाईघाईत पाहण्याजोगा नाही. फाट्यापासून पुन्हा चढ, गडाच्या पायऱ्या आणि परत उतार यात तीन तास सहज जातात. गड पाहायचाच असेल तर कुंभरोशी परिसरात मुक्काम करून दिवसाचे दोन भाग करावेत. ही योजना मला एका दमात महाबळेश्वर गाठण्यापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते, विशेषतः प्रथमच घाट चढणाऱ्यांसाठी.

दुसरा चढ आणि संभाव्य अडचणी

कुंभरोशीनंतर झाडी दाट होते आणि ऊन कमी लागते. पाय जड झालेले असले तरी हवा साथ देते. येथे अंतर दाखवणारे मीटर पाहणे बंद करावे आणि पुढच्या वळणापर्यंत, पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत असे तुकडे पाडावेत. सायकल हातात धरून चालणे पूर्णपणे मान्य आहे. ताशी चार किलोमीटरने थोडा वेळ चालल्यास एकूण वेळेत फार मोठा फरक पडत नाही आणि वेगळे स्नायू वापरले जातात.

अचानक पायांतील त्राण जाणे, हात थरथरणे, विनाकारण चिडचिड होणे ही रक्तातील साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी थांबून चिक्की किंवा गूळ आणि पाणी घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटे बसावे. याउलट अंग तापलेले असणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा चालताना तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तेथे सायकलचा विचार सोडून सावली, अंगावर पाणी, वारा आणि डॉक्टर हाच क्रम. पोटरीत गोळा आल्यास पायाचा चवडा हळूहळू स्वतःकडे ओढून धरावा. झटके देऊ नयेत.

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधणे आवश्यक आहे, पण उघडे बोट नव्हे, रुमाल गुंडाळून. तारेचा बारीक तुकडा रुमालाच्या धाग्यात अडकतो आणि लगेच सापडतो. तो न काढता ट्यूब बदलली तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच काम करावे लागते.

महाबळेश्वर जवळ आले की माकडे दिसू लागतात. हातात केळे किंवा हँडलला लटकवलेली पिशवी असल्यास ती ओढून नेतात, म्हणून खाण्याचे सामान बंद पिशवीत ठेवावे आणि त्यांच्यासमोर थांबून खाऊ नये. या जंगलात गवेही आहेत. पहाटे किंवा संध्याकाळी गवा रस्त्यावर दिसल्यास घंटी न वाजवता, फोटोसाठी पुढे न जाता, अंतर राखून तो रस्ता ओलांडेपर्यंत थांबावे.

पोहोचल्यानंतर

महाबळेश्वरला पोहोचताच पहिले काम ओला शर्ट बदलण्याचे. त्यानंतर अर्ध्या तासात दूध, ताक, अंडी, डाळ-भात असे काहीतरी पोटात जावे. दुपारचे दोनच वाजले आहेत आणि पाचगणी १९ किलोमीटरवरच आहे, असे पाहून पुढे निघण्याची हौस वाटू शकते. पाचगणीपर्यंत जाण्यास हरकत नाही. पण त्यापुढचा पसरणी घाट त्याच दिवशी उतरू नये. पाचगणी ते वाई या बारा-तेरा किलोमीटरमध्ये रस्ता साडेपाचशेहून अधिक मीटर खाली येतो, वळणे दाट आहेत, एसटी आणि पर्यटकांच्या गाड्या सतत असतात आणि दमलेल्या माणसाचा हात ब्रेकवर उशिरा जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी, चाकांच्या क्विक रिलीजच्या (चाक झटपट काढण्याच्या) कळा घट्ट आहेत का ते तपासावे आणि पॅनिअरचे (चाकाच्या बाजूला लावलेल्या सामानाच्या पिशव्यांचे) पट्टे चाकाजवळ लोंबत नाहीत याची खात्री करावी. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, त्याने रिम किंवा डिस्क तापते. वळणापूर्वी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करावा, वळणात शिरताना ते सैल सोडावेत आणि बाहेरच्या पायाचे पायडल खाली ठेवावे. हात दुखू लागल्यास मोकळ्या जागी थांबून रिमवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो चरचरला तर दहा मिनिटे थांबूनच पुढे निघावे. डिस्कला मात्र बोट लावू नये.